खूण न केलेलं तोरण

औरंगाबाद, सिडको
१२ जानेवारी १९८६

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. याच्यापुढं 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण विशेष काहीच नाही, म्हणून ती ओळ गाळली. परवा संक्रांत. पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकलेत. मल्हारीला म्हणावं, पत्र वाचून दाखवायच्या आधी ते आईच्या हातावर ठेव, नाहीतर वाचता वाचता तोच खाऊन टाकेल. तिळगूळ घे आणि गोड बोल. गोड नाही तर नाही, निदान बोल.

दोन वर्षं झाली. आमच्या यमुनाच्या लग्नातून तू गेलीस, त्यानंतर तुझा निरोप नाही आणि माझं पत्र नाही. कुणाचं काय चुकलं हा विषय आज काढायला नको. सणाचे दिवस आहेत.

सांगायचं म्हणजे, उस्मानपुऱ्याची भाड्याची खोली सोडून आम्ही सिडकोत स्वतःच्या घरात आलो. दोनच खोल्या आहेत, पण आपल्या आहेत. भिंती मात्र अशा कोऱ्या, की आवाज केला तर घुमतो. यांना म्हटलं, काहीतरी सजवायला हवं. हे म्हणाले, "सजव की, पण खिशाला हात लावू नकोस." मग काय, बसले मी कामाला. रद्दी आठ दिवस पाण्यात भिजवली, मेथ्या वाटून घातल्या, पाट्यावर लगदा केला आणि पितळी घमेलं पालथं घालून त्यावर थापला. तू करायचीस तशी. तिसऱ्या दिवशी टोपली सुटून आली, पण एका बाजूनं बसकी. त्यात आता कांदे ठेवते, म्हणजे बसकं दिसत नाही. दुसरी बरी जमली. तिला वरून चिंचोक्याची खळ लावून जुन्या कॅलेंडरची फुलं चिकटवलीत. जुन्या लुगड्यांचे काठ उसवून खिडकीला पडदा केला. डालड्याच्या डब्यांना गेरू फासून त्यांत तुळस आणि सदाफुली लावली. हे म्हणतात, कचरा न्यायला माणूस आला तर त्याला हात हलवत परत पाठवावं लागेल, घरात टाकायला काही उरलंच नाही.

खरं सांगते, आक्का, मी सुखात आहे. सकाळी ऊन खिडकीतून आत येतं, तेव्हा काठांचा जांभळा रंग फरशीवर पडतो. मी चहा घेऊन तिथंच बसते.

बरं, एक सहज विचारायचं होतं. तू ते लोकरीचं तोरण केलं होतंस, काळ्या-पांढऱ्या गोंड्यांचं, ते कसं करतात? गोंडा बांधायचा कसा, आणि तो तसा गच्च कसा राहतो? आमच्या दाराला करावं म्हणते. घाई काही नाही. पण लवकर कळवलंस तर बरं.

तुझी
कस्तुरा

*

औरंगाबाद
९ फेब्रुवारी १९८६

ती. आक्का,

नमस्कार. पहिल्या पत्राला उत्तर नाही. टपाल हरवलं असेल अशी मी माझी समजूत घातली, पण मागच्या आठवड्यात पाचोडच्या बाजारात आमच्या शेजारणीच्या भावाला मल्हारी भेटला. तो म्हणाला, पत्र मिळालं, हलवा आईनं खाल्ला. हलवा खाल्लास हे ऐकून मला किती बरं वाटलं! पत्राचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तू सांगितलं नाहीस, म्हणून मी माझ्याच अकलेनं गोंडे केले. गुलमंडीवरून लोकर आणली. चार बोटांना गुंडाळली, मधोमध बांधली आणि दोन्हीकडून कात्रीनं कापली. पहिला गोंडा हातात धरला तर त्याचे केस गळायला लागले. हे म्हणाले, "मांजराच्या तोंडातून काढला काय?" दुसरा नीट बांधला, तर तो लांबोळका झाला. तिसरा तू करतेस तसा गरम पाण्यात आणि रिठ्यात घोळला, तळहातावर अर्धा तास वळला, पण तो काही गच्च होईना, नुसता ओला झाला. असे अकरा झालेत. ते खिडकीत वाळत घातले होते, तर दृष्टीचा उतारा समजून समोरची बाई विचारून गेली, घरात कुणी आजारी आहे का.

आता खोटं बोलून काही मिळायचं नाही असं दिसतंय. तोरण माझ्या दाराला नको आहे. वैजापूरला यमुनाच्या धाकट्या नणंदेचं लग्न वैशाखात ठरलंय. विहीणबाईंनी, म्हणजे सरूबाईंनी, यमुनाला सांगितलंय, "यमुने, मांडवाच्या दाराला तुझ्या हातचं तोरण पाहिजे, एकशे एक गोंड्यांचं." आणि यमुनाला गोंडा बांधता येत नाही. तिला मीच कधी शिकवलं नाही, मला येत असेल तर ना. पोर दीड महिना झाला काही ना काही सांगून दिवस काढते आहे. कधी लोकर नाही, कधी मनगट दुखतं.

तुझं तोरण वैजापूरला गेलं कसं, हे तुला माहीत आहे, पण कुणी तुला नीट समजावून सांगितलं नसेल. आपल्यात रुखवताचा एवढा थाट नसतो. पण उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीतली पद्धत तू पाहिलीस. मुलीच्या लग्नात टेबलं मांडायची, त्यावर मुलीनं केलेल्या वस्तू ठेवायच्या, काड्यांचं घर, बांगड्यांच्या काचांचा मोर, साबुदाण्याचा मासा. मुलीला करायला वेळ असतो कुठं? म्हणून गल्लीत एकमेकींच्या वस्तू मांडायला आणायच्या. द्वारकाबाईंचा साबुदाण्याचा मासा माझ्या डोळ्यांदेखत सात लग्नांत मिरवला. प्रत्येक वस्तूच्या बुडाला चुन्याची खूण असते. मांडव उठला की खुणेच्या वस्तू परत जातात आणि बाकीच्या मुलीबरोबर सासरी.

तुझ्या तोरणाला मी खूण केली नव्हती. घरच्या वस्तूला कसली खूण करायची? ते तू फक्त मांडायला दिलं होतंस, आपल्या काळ्या मेंढीच्या पहिल्या लोकरीचं होतं, ते तुझ्या दारालाच परत जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. पण सामान भरणाऱ्या बायकांना खूण दिसली नाही, त्यांनी ते यमुनाच्या ट्रंकेत घातलं. ही माझी चूक. माणसाच्या हातून एवढी चूक होते, आक्का. त्यापायी दोन वर्षं अबोला धरायचा का?

आता तेवढं गोंड्याचं कळव. माझ्यासाठी नको, यमुनासाठी.

कस्तुरा

*

औरंगाबाद
२ मार्च १९८६

आक्का,

उत्तर नाही. असू दे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं. मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं आणि ते तुला कळलं असणार. मल्हारी, बाळा, इथून पुढं हळू वाच आणि बाहेरचं कुणी बसलं असेल तर त्यांना चहा पाजून वाटेला लाव.

खुणेची चूक झाली, ती खरीच. पण तू तेवढ्यावरून जाणारी नाहीस. तोरण चुकून गेलं असतं तर तू हसून म्हणाली असतीस, जाऊ दे, पोरीच्या दाराला लागंल.

रुखवत बघायला विहीणबाई आल्या. काड्यांचं घर बघितलं, मासा बघितला, पुढं सरकल्या. तुझ्या तोरणापाशी थांबल्या. हातात घेतलं, उलटं केलं, गाठी बघितल्या. म्हणाल्या, "अगं बाई, हे लई झ्याक हाय. कुणाच्या हातचं म्हणायचं?" तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आमच्या यमुनाच्या हातचं."

एवढ्यावरही थांबले नाही. विहीणबाई म्हणाल्या, "कुणी शिकवलं हो?" तेव्हा तरी तुझं नाव घ्यायचं. तर मी म्हणाले, "मीच, दुसरं कोण?"

हे मी का केलं याचा मी दोन वर्षं विचार केला. मला भीती वाटली होती. वैजापूरची माणसं, त्यांचा पक्का वाडा, मोठं दुकान, आणि आपण मेंढरांमागची. वाटलं, पोरीच्या अंगात काहीतरी गुण दिसला पाहिजे. नंतर सांगता येईल, असं म्हणत राहिले. ज्या हातानं ते केलं, तो हात माझ्यापासून वीतभर लांब होता, आणि मी त्याला नाहीसा करून टाकला. तू तांब्या खाली ठेवलास आणि चपला शोधायला गेलीस. मला वाटलं, पंगतीचं बघायला गेली असशील.

माझं चुकलं, आक्का. खूण करायचं राहिलं हे चुकणं वेगळं आणि हे वेगळं. आता तोरणाचं काही विचारत नाही. यमुनाला मी सांगून टाकीन की सासूपुढं खरं बोल, तिथून पुढं तिचं नशीब. तू फक्त एवढं कर, मल्हारीकडून एका ओळीचं कार्ड टाक. 'वाचलं' एवढंच लिहिलं तरी चालेल.

तुझी धाकटी
कस्तुरा

*

वैजापूर
१४ मार्च १९८६

ती. सौ. आईस,
यमुनाचा नमस्कार.

आई, आधी हे वाच, मग काम कर. बानामावशी आली आहे! सोमवारी दुपारी दारात एस.टी.च्या धुळीनं माखलेली उभी, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात लोकर. काळी, पांढरी आणि मातकट. मी रडायलाच लागले. मावशी सासूबाईंना म्हणाली, "मी यमुनाची मावशी. पोरीला तोरणं येत्यात म्हणून आयकलं. माझ्या नातवाच्या पाळण्याला एक पाहिजे. म्हनलं, हितं आठ दिस राहावं आन् तिच्याकडून शिकून घ्यावं. लोकर संगंच आणली, लगीनघराला तेवढीच मदत."

आई, मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. ती माझ्याकडून शिकायला आली आहे!

त्या दिवसापासून आम्ही ओसरीवर बसतो. सासूबाई समोर पाटावर बसून गहू निवडतात आणि सगळं बघतात. मावशी लोकर हातात घेते आणि विचारते, "यमुने, आता हितं दोरा दोनदा फिरवायचा का तीनदा?" ती 'तीनदा' जरा लांबवून म्हणते. मी म्हणते, "तीनदा, मावशी." मग ती मान हलवते आणि फिरवते, मीही तिचं बघून फिरवते. माझ्या हातून काही चुकलं, तर ती मुद्दाम तीच चूक स्वतः करते आणि म्हणते, "हे बघ, माझं असं चुकतंय. गाठ अदुगर वली करायला पायजे व्हती, व्हय ना?" मी म्हणते, "व्हय, मावशी." तुझे गोंडे का गच्च होत नव्हते तेही मावशीनं हळूच सांगितलं. दुकानातली लोकर कितीही वळली तरी सुटीच राहते, मेंढीचीच लागते.

काल तर हद्द झाली. सासूबाई उठून आल्या, मावशीचा हात धरला आणि म्हणाल्या, "अहो बानाबाई, असं नाय, उलटं! तुमचे हात लई जड हायेत. यमुने, दाव की तुझ्या मावशीला नीट. वय झाल्यावर काय शिकणं व्हतं का?" मावशी म्हणाली, "खरं हाय, इहीनबाई. टकुरंच चालत नाय." सासूबाईंनी तिची बोटं धरून तिला गोंडा बांधायला लावला. तो पार वाकडा झाला. मावशी म्हणाली, "आता आलं ध्यानात."

चाळीस गोंडे झालेत आणि त्यातले पंधरा खरोखर माझे आहेत. मला आता जमतंय. पण आई, मला हे सोसवत नाही. मी मावशीला एकटीला गाठून म्हटलं, मी सांगून टाकते. ती म्हणाली, "गप. लगीन व्हऊ दे." तिच्या तोंडून तुझ्याबद्दल चांगलं नाही आणि वाईटही नाही. तू तिला काय लिहिलं होतंस ते मला ठाऊक नाही, पण तुझं पत्र तिच्या कनवटीला आहे.

तू काहीतरी कर. मात्र इथं आलेलं प्रत्येक पत्र सासूबाई स्वतः फोडतात आणि पोथी वाचल्यासारखं मोठ्यानं वाचून दाखवतात, सगळं घर बसून ऐकतं. तेव्हा जे लिहिशील ते जपून लिही.

तुझी
यमुना

*

औरंगाबाद
१७ मार्च १९८६

ती. आक्का,
मुक्काम वैजापूर.

नमस्कार. आणि हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या विहीणबाई सरूबाई, तुम्हालाही नमस्कार. यमुनानं मला जपून लिहायला सांगितलं आहे. मी जपून लिहिणार नाही. विहीणबाई, तुमचा आवाज मोठा आहे म्हणतात. आज तो मला पाहिजे आहे. घरातली सगळी माणसं ओसरीवर बोलावून घ्या आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या दाराला दोन वर्षं जे तोरण आहे, ते यमुनानं केलेलं नाही. तिला मी काही शिकवलेलंही नाही. मला साधा गोंडा बांधता येत नाही, अकरा केले ते अजून खिडकीत लोंबताहेत. ते तोरण तुमच्या समोर बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, बानाबाईनं केलं. लोकर तिच्या मेंढीची, नक्षी तिच्या डोक्यातली, गाठी तिच्या हातच्या. ते रुखवतात फक्त मांडायला दिलं होतं. तुम्ही मला विचारलंत तेव्हा ती शेजारी उभी होती, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

विहीणबाई, थांबू नका. पुढं वाचा.

तुम्ही जे हात जड आहेत म्हणालात, त्या हातांनी आमच्या आईच्या माघारी मला न्हाऊ-माखू घातलं, माझी पाटी धुतली. मी शाळेत गेले, कारण ती मेंढरांमागं गेली. आता ती तुमच्या घरी येऊन अडाण्यासारखी बसली आहे, कशासाठी, तर माझ्या खोट्यापायी माझ्या पोरीला खाली बघायला लागू नये म्हणून. तिनं कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. म्हणून मी सांगते.

यमुनाचा यात दोष इतकाच, की आईला खोटं पाडायचं तिला जड गेलं. तुम्हाला राग येईल, यायलाच पाहिजे. तो माझ्यावर काढा. लग्नाला बोलावलं नाहीत तरी मी समजेन. पण पोरीला टोमणा मारू नका, एवढं हात जोडून मागते.

आक्का, हे तुला माझ्या तोंडानं सांगायला पाहिजे होतं, चारचौघांत, त्याच दिवशी. दोन वर्षं उशीर झाला आणि तोंडही दुसऱ्याचं वापरलं. पण चारचौघं तेवढे मिळाले. तू माझी मोठी बहीण आहेस आणि ते तोरण तुझ्या हातचं आहे.

कस्तुरा

*

वैजापूर
२१ मार्च १९८६

सौ. कस्तुराबाईंना सरूबाईचा नमस्कार.

पत्र वाचलं. ओसरीवर सगळ्यांना बसवून वाचलं. तुम्ही 'थांबू नका' लिहिलंत तिथं मी थांबले होते. राग आला, तो खोटा कशाला सांगू? दोन वर्षं मी आल्यागेल्याला आमच्या सुनेचं तोरण म्हणून दाखवत होते. पण राग तुमच्यावर यायच्या आधी मला माझीच लाज वाटली, कारण त्याच सकाळी मी बानाबाईंना तिसऱ्यांदा म्हटलं होतं की, बाई, हे तुमचं काम नव्हे. यमुना आत जाऊन रडत बसली होती. तिला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, तुझे स्वतःचे गोंडे कोणते ते दाखव. तिनं दाखवले. चांगले आहेत. त्यावर विषय संपला.

बानाबाईंच्या मी पाया पडले, त्या पडू देत नव्हत्या. आता त्या सांगतात ते जसंच्या तसं लिहिते, कारण अक्षर बदललं तर पत्र पुन्हा वाचून घेईन असा त्यांचा दम आहे.

"कस्तुरे, तुझं पत्र आयकलं. इहीनबाईचा आवाज लई खणखणीत, मारुतीच्या देवळापोतर गेला असंल. मला राग तोरणाचा नव्हता. पोरीच्या दाराला लागलं, चांगलंच झालं. तू माझ्याकडं एकडाव बघून बोलली असतीस ना, तर मीच म्हनले असते, व्हय, यमुनानंच केलं. तू बघितलंच नायस, त्येचा राग व्हता. आता तो नाय. मल्हारीनं दुसरं पत्र वाचलं, तवाच अर्धा गेला. तिसरं आयकून मी एस.टी. धरली.

"आन् मला हितं कुणी छळलं, असं मनात आणू नको. मी लई मजेत व्हते. तुला सांगते, लहानपणापासून मीच सगळ्यास्नी शिकवलं. मेंढरं वळायला, लोकर कातायला, भाकर थापायला. मला कुणी जवळ बसवून कायबी शिकवलं नाय. हितं सरूबाईनं माझी बोटं धरून शिकवलं. समदं चुकीचं शिकवलं, पर बोटं धरून शिकवलं. मला वाटलं, चालू द्यावं आणखी चार दिस."

(हे मी लिहिते आहे, माझा इलाज नाही. — सरूबाई)

"आजून तीस गोंडे व्हायचेत. यमुना करती, सरूबाईबी शिकायला बसल्यात, त्यांचा पहिला गोंडा कोंबडीनं पळवला. तू लगोलग ये. लग्नाची वाट बघू नको. तुला गोंडा येत नाय, त्याची लाज धरू नको. हितं कुणी इचारलं की ही कोण, तर मी समद्यांम्होरं सांगीन, ही माझी धाकटी बहीण हाय, हिला काय येत नाय."